चालताना बोलत राहायचं

आमच्या घरातली माणसं रस्त्यानं एकामागे एक चालतात. रस्ता कितीही रुंद असो. जन्मभर धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, म्हणजे एका माणसापुरत्या मातीच्या वरंब्यांवरून, ये-जा केलेली ही माणसं. डांबरी सडकेवरही त्यांना शेजारी शेजारी चालणं सुचत नाही. पुढे बाबा, मागे आई, तिच्या मागे मी. बाजाराला तसंच, लग्नाला तसंच, दवाखान्यालाही तसंच. बाबाला आठवायला बसलं की मला आधी त्याची पाठ आठवते आणि चेहरा नंतर.

त्यात हा माणूस बोलणारा नव्हे. बैलांशी बोलायचा, पावसाशी भांडायचा, पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांपुढची चढाओढीची गाणी, म्हणायला उभा राहिला तर अख्खं गाव गप्प करायचा. पण घरात आला की तोंडाला कुलूप. माझ्याशी त्याचं दिवसभराचं बोलणं म्हणजे सकाळी ‘गोळी खाल्लीस का?’ आणि संध्याकाळी ‘आंगणात नको बसू, गार आहे.’

गोळीचं असं की मला सिकलसेल आहे. आमच्याकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कुठेतरी अडकतात. अडकल्या की हाडातून दुखणं उठतं, ते सांगण्यासारखं नाही. आईच्या आणि बाबाच्या रक्तात हा आजार अर्धा अर्धा झोपलेला होता, माझ्यात तो पुरता जागा झाला. शाळेत रक्त तपासायला माणसं आली तेव्हा हे कळलं, आणि त्या दिवसापासून घरात माझी खाट ठरली.

‘बसून राय वो बाई’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. झाडू हातात घेतला की आई ओढून घ्यायची. बोअरिंगवर कळशी घेऊन गेले की शेजारची काकू ओरडायची, ‘का वो, मायबापाच्या जिवाले घोर लावतेस?’ कॉलेजलाही मी परीक्षेपुरतीच जायची. प्रेमच होतं ते सगळं, मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या नाकावर राग असतो, आणि एकविसाव्या वर्षी खाटेवर बसून दुसऱ्यांनी केलेला चहा प्यायचा म्हणजे माझ्यासारखीनं घरात एकेक भांडण उकरून काढायचं, एवढाच व्यायाम उरतो. तोही पुरेना. घरापासून बोअरिंगपर्यंत गेलं तरी छाती भात्यासारखी हलायची. मला वाटायचं, आजार वाढला.

सरकारी दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली होती. माझ्याहून फार मोठी नसेल. तिनं माझे पाय दाबून पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, आणि बाबाला विचारलं, ‘काका, ही दिवसभर काय करते?’

बाबा अभिमानानं म्हणाला, ‘काहीच नाई. आमी तिले काहीच करू देत नाई.’

‘मग ही दमते ती आजारानं कमी आणि बसून जास्त,’ ती म्हणाली. बाबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तिनं नीट समजावलं. धावायचं नाही, ऊन चढल्यावर जायचं नाही, थंडीत भिजायचं नाही, पाणी सोबत ठेवायचं, दुखत असेल त्या दिवशी घरीच राहायचं. पण बाकी रोज चालायचं. थोडंच, पण रोज. ‘किती चालायचं ते मी सांगणार नाही, तुमची पोरगीच सांगेल. चालताना तिला सरळ बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं, पाणी प्यायचं, बसायचं.’

बाबानं विचारलं, ‘म्हनजे हिनं बोलत राहाचं?’

‘हो. आणि तुम्ही ऐकत राहायचं.’

मला हसू आलं. आमच्या बाबाला औषध म्हणून बोलणं लिहून दिलं होतं.

मला एकटीला जाऊ देणं शक्यच नव्हतं. आमचं घर नवेगाव बांधच्या तलावापासून जवळ, आणि तलावाच्या पलीकडे जंगल. मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे अस्वलं येतात, बिबट तर बाराही महिने असतो. आईचे गुडघे गेलेले. म्हणून मग रोज उजाडलं की बाबा दारात उभा. खांद्यावर दुपट्टा, हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैलगाडी जाईल एवढी वाट आहे. बाबा पुढे, मी मागे.

पहिल्या दिवशी त्यानं पाळीवर चढल्यावर घसा साफ केला आणि विचारलं, ‘जेवलीस का?’

‘बाबा, सकाळ आहे आत्ता.’

पुढचा प्रश्न सुचायला त्याला बराच वेळ लागला. ‘झोप लागली होती का?’ लागली होती. संपलं. दोघंही गप्प चालत राहिलो. पाणी सोडायच्या दारापर्यंत जायच्या आतच मला दम लागला आणि मी खाली बसले. तो पुढे, पाठ माझ्याकडे. त्याला कळलंच नाही. तो तसाच चालत गेला, आणि बऱ्याच पुढे जाऊन त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असावा, कारण उत्तर आलं नाही म्हणून तो वळला. मी दिसेना तेव्हा काठी टाकून जो धावत आला! ‘काऊन थांबलीस? हाक नाई मारता येत?’ मी म्हटलं, ‘हाक मारायला दम लागतो, तोच नव्हता.’

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारून चालायला लागला. सुरुवातीला दोघांनाही लाजल्यासारखं झालं. धुऱ्यावरची सवय अशी की तो चालता चालता आपोआप पुढे सरकायचा, मग आठवण झाली की पाय आवरून मागे यायचा. समोरून येणारी ढिवरांची माणसं, मासोळ्यांच्या टोपल्या सायकलला बांधून, आमच्याकडे वळून पाहायची.

बोलायचं काय हा प्रश्न होताच. शेवटी बाबानं त्याला येणारी एकच गोष्ट काढली. पाळीवरून खाली सगळी वावरं दिसतात. तो काठीनं दाखवायचा, ‘हे कोनाचं वावर?’ मी सांगायची. ‘मंग त्यात कोनता धान लावलान?’ हे मला यायचं नाही. मग तो सांगायचा. कुणाच्या बांधीत पाणी टिकतं, कुणाची जमीन उतारावर, कोण भाऊ कोण भावाशी बोलत नाही आणि ते धुऱ्याच्या रुंदीवरून कसं ओळखायचं. नको ते सगळं मला पाठ झालं. आई म्हणायची, ‘दोघं मिळून गावाच्या चुगल्या करून येता, अन् नाव व्यायामाचं.’

वावरं संपली तेव्हा झडत्या आल्या. मग बाबाच्या तरुणपणातली दंडार, म्हणजे गावातलं नाचगाण्याचं नाटक, आली, तिच्यात तो साडी नेसून नाचायचा, हे मला तेव्हा कळलं. मी हसत हसत वाटेवर वाकले, तर तो घाबरून म्हणाला, ‘हासू नको, वाक्य तुटलं.’

माझ्यात काय फरक पडत गेला, तो मला आरशात दिसला नाही, बोलण्यात दिसला. आधी ‘ते गोड पाण्याच्या विहिरीजवळचं’ एवढं म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागायचा. थंडी सरता सरता तेच मी एका दमात म्हणू लागले आणि वर भांडणही जोडू लागले. पाणी सोडायचं दार मागे पडलं, पुढचं पळसाचं झाड आलं, मग तेही मागे पडलं. सकाळी भूक लागायला लागली. खरी भूक, आईनं समोर ठेवलंय म्हणून चघळायची नव्हे. रात्री पडल्या पडल्या झोप. पोटरीवर हात फिरवला की तिथं काहीतरी आहे असं वाटायचं. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. मधूनमधून यायचंच, त्या दिवशी बाबा दारात उभा राहायचा आणि बाटली परत ठेवून द्यायचा. पण दुखणं ओसरलं की मी पूर्वीसारखी आठ-आठ दिवस खाटेला चिकटून राहत नव्हते. लवकर उठत होते.

पाळीवरून भरतीची पोरंपोरी धावत जायची, पोलीस व्हायचंय म्हणून. धाप धाप बुटांचे आवाज, नाकातून वाफ. माझे पाय शिवशिवायचे. बाबाला ते कळायचं. तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, ‘त्यायले पळू दे. आपल्याले कोनाले पकडाचं नाई.’

मोह पडून गेला, उन्हं तापली, आणि माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. मला गोंदियाला जाऊन रक्त तपासायचा कोर्स करायचा होता. इतकी वर्षं हात पुढे करून बसले होते. आता सुईच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय. कधी म्हणायची, मैत्रीण गोंदियाला राहते, कधी म्हणायची, तिकडे खोल्या चांगल्या मिळतात. शेवटी एका सकाळी पळसाच्या झाडाजवळ मी सरळ विचारून टाकलं.

बाबा म्हणाला, ‘नाई.’

‘का?’

‘नाई म्हनजे नाई. तिथं कोन पाहील तुले?’

मी म्हटलं, मी चालते, खाते, झोपते, आणखी काय करून दाखवू? तो काठीनं मातीत रेघ ओढत राहिला. पुन्हा ‘नाई’. मला इतका राग आला की मी वळले आणि घराकडे चालू लागले. भराभर. मागून तो हाका मारत होता, ‘वो, आयक! बोल ना! काऊन बोलून नाई राहिली?’ मी मुद्दाम बोलले नाही. बोल म्हणे! बोलायचंच नव्हतं मला.

त्यानं मला गाठलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खांद्याला धरून त्यानं मला खाली बसवलं, बाटलीचं झाकण उघडेना, निम्मं पाणी माझ्या ओढणीवर. ‘पी. पी बाई. श्वास घे. बोलू नको, नाई, बोल, एक शब्द बोल.’

मी ओरडले, ‘बाबा, मी दमले नाही! मी रागावले आहे!’

तो तिथंच, वाटेच्या मधोमध, खाली बसला. दुपट्टा तोंडाशी धरून हा माणूस रडायला लागला. मी बाबाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला. काय करावं कळेना, म्हणून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो सांगू लागला. ‘माही एक बहीन होती. तुह्याएवढीच.’

मला आत्या होती हे मला माहीतच नव्हतं. घरात तिचा फोटो नाही, नाव कुणी घेत नाही.

‘धान लावाचा रोवना चालू होता. सकाळपासून तिचे पाय दुखत होते. मीच म्हनलो, चाल वो, नखरे नको करू, बायका कमी आहेत. पानी येऊन राहिलं होतं, वारा होता. अर्ध्या बांधीत ती बोलाची बंद झाली. आमाले वाटलं रुसली. बायका तिले चिडवून राहिल्या होत्या. मी बी चिडवलो. ते रुसली नव्हती. सांजेले घरी आनलो तिले खाटेवर. सकाळ नाई पाहिली तिनं. तवा कोनाले मालूम होतं सिकलसेल का रायते?’

तलावावर पाणकोंबड्या ओरडत होत्या. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मला कमजोर समजतो. त्याला माझी कमजोरी दिसतच नव्हती. त्याला बांधीत गप्प उभी असलेली त्याची बहीण दिसत होती. माझ्या खाटेचा सगळा अर्थ मला त्या सकाळी कळला, आणि आईशपथ, त्या खाटेला मी घातलेल्या सगळ्या शिव्या गिळाव्याशा वाटल्या.

त्यानंतर मी गोंदियाचं नाव काढलं नाही. रोज चालत होतो, रोज बोलत होतो. आता तो आत्याबद्दलही सांगायचा. तिला आंबट बोरं आवडायची, ती माझ्यासारखीच तोंडाळ होती. ‘तुह्यासारखाच राग,’ असं म्हणताना पहिल्यांदा तो हसला.

आणि एक दिवस तो कुणाला न सांगता सौंदडच्या स्टेशनावर जाऊन गाडीत बसला. संध्याकाळी परतला, हातपाय धुतले, जेवायला बसला. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाला, ‘खोली पाहून आलो. पायऱ्या लई आहेत. पन मधात टेकाले जागा आहे.’

आई माझ्याकडे बघत राहिली. मी भाताचा घास तसाच हातात धरून बसले होते.

गोंदियात माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण मारवाडी, बोलणं सगळं हिंदी. बाबानं तिला काय सांगून ठेवलं होतं देव जाणे, मी जिना चढायला लागले की ती खालून ओरडायची, ‘बेटा, आराम से! कौन सी रेल छूट रही है?’ सकाळी मी जवळच्या मैदानाला फेऱ्या मारायची, आणि तिकडे बाबा पाळीवर. मध्ये फोन. पाळीवर त्याला एकटं फिरताना पाहून लोक विचारायचे, ‘पोरगी त गेली, आता तू कायले फिरतस गा?’ तो त्यांना काही सांगायचा नाही. मला सांगायचा, ‘तुहा दम आयकू येते फोनवर. आज चांगला आहे.’ मी कधी थकले तरी त्याला आधी कळायचं. ‘बस आता,’ म्हणायचा, आणि मी बसायची.

मग माघातल्या थंडीत दुखणं उठलं. मोठं. कारण शोधूनही सापडलं नाही. पाणी पीत होते, भिजले नव्हते, गोळी चुकली नव्हती. हा आजार कारण सांगून येत नाही. मालकिणीनं रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. सलाईन, सुया, रात्रभर पायांत कुणी खिळे ठोकतंय असं. सकाळी डोळे उघडले तर बाबा स्टुलावर बसलेला.

पाहायला येणारा प्रत्येक नातेवाईक एकच बोलला. मामा म्हणाला, मावशी म्हणाली, फोनवर काकूही म्हणाली, ‘झालं ना शिकनं? घरी घेऊन जा आता पोरीले.’ बाबा मान हलवायचा. हो की नाही ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘चालणं सोडू नका. त्यामुळे आजार जात नाही, पण शरीर सावरायला बळ राहतं. ही लवकर सावरतेय.’ बाबानं तेव्हाही नुसती मान हलवली. पण दुखणं उतरल्यावर त्यानंच मला हाताला धरून उठवलं आणि वॉर्डाबाहेरच्या लांब वऱ्हांड्यात नेलं. तिथं वावरं नव्हती, तर तो भिंतीवरच्या पाट्या दाखवून विचारायचा, ‘हे का लिहिलं आहे?’ मी वाचून दाखवायची. वाक्य तुटलं की बाकावर बसायचो.

सुट्टी झाली त्या दिवशी खोलीवर येताना मी तीनदा जिन्यात थांबले. वर गेल्यावर मी स्वतःच पिशवी काढली आणि कपडे भरायला लागले. त्यानं म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकावं, एवढाच विचार होता. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. घर आठवत होतं, आईचा हात आठवत होता, ती खाटसुद्धा आठवत होती.

बाबा खिडकीशी उभा होता. तो आला, पिशवीजवळ बसला, आणि माझे कपडे एकेक बाहेर काढू लागला. घडी मोडली असेल ती नीट करायचा आणि फळीवर ठेवायचा. ड्रेस, ओढण्या, स्वेटर. स्वेटर त्यानं सगळ्यांत वर ठेवला, हाताशी येईल असा. रिकामी पिशवी त्यानं आपल्या काखेत घेतली.

‘जातो मी. गाडी चुकन.’

दारापर्यंत जाऊन तो थांबला. माझ्याकडे तोंड करून, सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, ‘भेव लागते मले. रोज लागते. उद्या बी लागन. पन ते माहं आहे बाई. तू त्याले घेऊन नको बसू.’

मग तो जिना उतरून गेला. मी दाराला धरून उभी राहून त्याच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत ऐकला, आणि मग आत येऊन दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची वही काढली.